माया

सूरच्या गॅस प्रकल्पामागे, साहेबलोकांच्या वसाहतीत,
क्लबच्या हॉलबाहेर माझं मशीन मांडलं होतं.
तीन दिवसांचं काम, दिवसाला बारा रियाल आणि जेवण.
जेवणात आंबवलेला तिखट कोबी,
पहिल्या दिवशी बाजूला सारला,
तिसऱ्या दिवशी मागून घेतला.

मुलं सतरा. आईबाप डच, नॉर्वेजियन, एक जोडपं टेक्ससचं.
मुलांचे चेहरे मात्र नोहबाईंच्या वळणाचे.
बाईंचा नवरा बंदरावर; गॅसची जहाजं त्यांच्या देशाला जायची.
बाई मुलांना शिकवत होत्या
ढोल कसा धरायचा, वाकून नमस्कार कसा करायचा,
आजीला हाक कशी मारायची.
आजी तिथं कुणाचीच नव्हती.
तरी सतरा जणांनी हाक मारली,
आणि हॉलभर एसीचा आवाज तेवढा घुमत राहिला.

कपड्यांची खोकी इंचॉनहून आलेली.
तिकडच्या म्हाताऱ्या बायांनी शिवलेले, नुसत्या वयावरून.
मुलगी, दहा. मुलगा, अकरा.
एकाचाही खांदा जागेवर बसेना.
यूप नावाच्या पोरानं तर घालायलाच नकार दिला,
माझ्या पायाशी बसून लोहचुंबकानं टाचण्या वेचत राहिला.
म्हणाला, कुठल्या भाषेत मोजतोस?
सव्वा तेवीस, म्हटलं मी.
तो दिवसभर तेच म्हणत हिंडला. सव्वा तेवीस. सव्वा तेवीस.

मला खालानं पदरात घेतलं तेव्हा मी चार वर्षांचा.
आई खाडीच्या पलीकडे; तिला सहा, खालाला एकही नाही.
होडीतून आणलं मला, पायलीभर तांदळासोबत.
कुणी रडलं नाही म्हणतात. मला आठवत नाही.
दर ईदला पलीकडून सदरा यायचा,
मागच्या ईदच्या आठवणीवर बेतलेला.
कधी तोकडा, कधी ढगळ.
खाला तो उसवायची, माझ्या अंगावर बसवायची.
दोघींचे टाके एकाच बगलेत.
धंदा मी तिथंच शिकलो, दिव्याखाली, उघडा बसून.

मारित आली ती एकटीच.
निळं जाकीट काखेत काचत होतं.
मी शिवण उसवली, तर आत
दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं.
दोन्हीकडं. बाहीलाही.
हे काय आहे, तिनं विचारलं.
शिंपी ह्याला माया म्हणतो.
इंग्रजीत काय म्हणतात मला येत नव्हतं.
पोर वाढणार हे तिला माहीत होतं, म्हटलं.
तिला म्हणजे कुणाला?
मी ब्लेड खाली ठेवलं.
जिनं शिवलं तिला, म्हटलं. मला तिचं नाव माहीत नाही.
मलाही, मारित म्हणाली,
आणि ती शिवणाऱ्या बाईबद्दल बोलत नव्हती.

तिची आई खांबाशी उभी होती, कॅमेरा छातीशी धरून.
कधीची उभी होती कोण जाणे.
पुढे आली, म्हणाली, दुसरी बाजू मी उसवू?
हात कापत होता तिचा, तिरकं कापेल असं वाटलं.
कापलंच थोडं. मी आतून ठिगळ लावलं,
बाहेरून कळणार नाही असं.
त्याचे पैसे धरले नाहीत.

शेवटच्या संध्याकाळी फोटो.
यूप सदऱ्याविना, पण पहिल्या रांगेत.
मारितच्या छातीवरची फीत ऐनवेळी सुटली.
त्यांची सुरगाठ एकाच फासाची असते,
एक टोक लांब लोंबतं सोडायचं.
आईनं घाईत बांधली बुटाच्या नाडीसारखी, दोन फासांची,
फुलपाखरू करून.
नोहबाईंनी पाहिलं.
हात पुढे केला,
मग स्वतःच्याच ओढणीवरची सुरकुती सारखी केली.