बिडीएवढं भोक

चौकटी आधी माझ्या बापानं केल्या, मग मी.
सागाच्या, चार बोटं रुंद, सांध्यात खिळा नाही.
चित्रं झिबल चितारीची.
वैनगंगेच्या दोन्ही अंगाला
असा मालगुजार नव्हता
जो त्याच्यासमोर पोट आत ओढून
उभा राहिला नाही.

पावसाळ्याचे चार महिने तो घरीच.
तेव्हा नुसती धडं रंगवायचा:
जरीचा कोट, कमरेला शेला, तलवारीची मूठ,
मागे तांबडा पडदा, घडीवर घडी,
आणि मानेवर पांढरी जागा,
सोललेल्या अंड्यासारखी.
सात-आठ धडं भिंतीला टेकलेली.
त्यांना अजून गाव नव्हतं.

धान कापून झालं की रेंगी जुंपायची
आणि डोकी गोळा करत फिरायचं.
एका डोक्याला दोन दिवस, दोन खंडी धान.
घोडा असेल तर त्याचा हिशेब वेगळा.

"नाक जरा सरळ काढ."
"काढतो जी."
"जावयापेक्षा मी उंच दिसलो पाहिजे."
"जावयाले बसवतो जी."

रेंगीत मागे एक सतरंजी असायची,
नागपूरच्या जेलात कैद्यांनी विणलेली,
निळी, काठाला पोपटी चौकडे.
सगळे तिच्यावरच उभे.
एका बांधासाठी तीन पिढ्या कोर्ट चढणारे
सावरटोल्याचे आणि कोसंबीचे
चित्रात एकाच कैद्याच्या विणीवर
बूट रोवून आहेत.

एकदा सोनेगावहून बोलावणं आलं.
जानकाबाई जाऊन नऊ दिवस झाले होते.
मालकांनी पुढ्यात गाठोडं सोडलं:
एकदाणी, गोट, पुतळ्यांची माळ, नथ,
सोबत वजनाची यादी.
"आणि तोंड?"
"तोंड काय, घरंदाज बाईचं असते तसं."

झिबल मागल्या दारी गेला.
रांधणारी बयना राखेनं गंज घासत होती.
ती म्हणाली, बाई हसायच्या तर तोंडावर हात धरून.
पुढचा दात अर्धा होता ना.

त्यानं तेच काढलं.
हात तोंडावर, बोटांच्या फटीत हसू.
मालक खूप वेळ पाहत राहिले.
मग म्हणाले, हे मी कोणाला दाखवू?
दुसऱ्या दिवशी झिबलनं तिच्यावरून
वरपासून खालपर्यंत तांबडा पडदा ओढला.
पैसे पूर्ण मिळाले.
बापाला एवढंच म्हणाला,
याच्या पाठीला फळी नको ठोकू. वारा लागू दे.
ओसरीत ते चित्र टांगलं गेलं.
लोक समजले, मालकांनी पडद्याचं चित्र घेतलं,
मोठ्या लोकांचं काय सांगावं.

मग मालगुजारी गेली.
तलाव सरकारजमा झाले,
आता कागदावर त्यांना मामा तलाव म्हणतात.
कोसंबीकर सोसायटीच्या हपिसात लटकले,
त्यांच्या पोटावर खताचं कॅलेंडर.
एक फोटो कोंबड्यांच्या खुराड्यावर, पाऊस अडवायला.

झिबल रेशनच्या पाट्या रंगवू लागला.
तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी बैलांचे डोळे,
एका डोळ्याला एक आणा.
मी निरखून पाहिले ते बैल.
असे ताठ बघायचे,
जसा काही त्यांनाही जावई आहे.

मेला तेव्हा घरात ब्रश होते, सही कुठंच नव्हती.

परवा नागपूरहून दोघं आले, अजबबंगल्यातले.
भिंग लावून कोपरे न् कोपरे तपासले.
विचारलं, बाबा, हा चित्रकार कोण?
मी म्हटलं, चेहरे सोडा, पायाशी पाहा.
डाव्या बुटाजवळ, पोपटी चौकड्यात.
भोक आहे, बिडीएवढं.
बिडी माझ्या बापाची.
ती सतरंजी जळाली त्या रात्री
दोघं किती हसले होते.
नंतरच्या सगळ्या चित्रांत आहे ते,
कडेला काळं, मधे खालची माती.
एकाही मालकानं
आपल्या पायाखाली पाहिलं नाही.

सोनेगावचं चित्र मात्र त्यात बसेना.
त्यात सतरंजीच नाही, नुसता पडदा,
ओल खाऊन पापुद्रे सुटलेला.
एका जागी दोन बोटं दिसू लागली आहेत.
ते म्हणाले, दुरुस्तीला नेतो, रंग पक्का करतो.

मी म्हटलं,
अजून दोन पावसाळे थांबा जी.