सत्तावीस अंश

मासेवाल्या कॅमेरनने दिलेला थर्मोकोलचा खोका
तीनदा धुतला, तरी हॅडॉकचा वास जात नाही.
आत उबेची चटई, सेन्सरची वायर,
आणि दह्याच्या डब्यात, ओलसर भुशावर
दोन अंडी. खारकेएवढी. कातडी, पांढरी.

अद्वय अ‍ॅबरडीनला शिकायला गेला,
त्याची बुंदी माझ्याकडे ठेवून.
नाताळात मित्राच्या नराकडे नेऊन आणली होती तिला.
"नुसती भेट होती, आई."
भेट!

अंडं जसं पडलं तसंच राहायला हवं,
उलटलं तर आतला जीव गुदमरतो.
म्हणून पेन्सिलीने माथ्यावर फुली काढली.
रोज आमलेटसाठी अंडी फोडणारा हात
थरथरला.

मग फोनवर तो म्हणाला,
सत्तावीसला ठेवलं तर बहुतेक माद्या,
बत्तीसला नर.
"तुला काय हवंय?"

थर्मोस्टॅटची चकती चिमटीत धरून मी उभी.
डंडीत धुकं उतरलेलं,
टे नदीच्या पुलावरची गाडी नुसती ऐकू येत होती.

साताऱ्याकडच्या माझ्या आत्याचं नाव नकुसा.
चौथी मुलगी.
शाळेच्या दाखल्यावर तेच, रेशनकार्डावर तेच,
शेवटी दवाखान्याच्या केसपेपरवरही.
कंपाउंडर ओरडायचा, "नकुसा कोण आहे?"
आणि ती हात वर करायची.

पाच अंशांचा तर प्रश्न.
मी चकती सत्तावीसवर आणली
आणि वर चिकटपट्टी लावली.

फेब्रुवारीत वादळाने चार तास वीज गेली.
गरम पाण्याची पिशवी, अद्वयची लोकरी टोपी.
शेजारची मोरॅग फ्लास्क घेऊन आली.
"पालींसाठी?"
हो, पालींसाठी.
आमच्याकडे पाल अंगावर पडली
तर डोक्यावरून आंघोळ करतात,
हे तिला सांगायचं राहिलं.

एक अंडं पिवळं पडलं, बुरशी धरली.
टॉर्चच्या उजेडात आत काहीच नव्हतं.
तरी आठवडाभर टाकवेना.

दुसऱ्याला अठ्ठावन्नाव्या दिवशी घाम फुटला.
पहाटे चीर. चिरेतून नाक.
मग तासभर काही नाही.
चहा दोनदा निवला.

मग एकदम सगळीच बाहेर,
बोटभर, काळे-पिवळे पट्टे,
आईचे ठिपके अजून यायचेत.
झाकण उचललं तशी चारी पायांवर ताठ झाली,
जबडा वासला
आणि माझ्यावर किंचाळली.

मनात चुकचुकते ती पाल शंकेची असते.
हिला कसली शंका नव्हती.

मादीच आहे का, ते कळायला काही महिने जातील.
एखादा नर निघतोच म्हणे.
अद्वय नाव विचारतोय.
म्हटलं, थांब जरा,
सध्या ती आपली पहिली कात खातेय.