श्वासांचं काम

सहा वर्षं मी श्वास कापले.
कुणी विचारलं तर सांगायला अवघड काम:
मिल्टन कीन्समध्ये, तळ्याजवळच्या बुटक्या इमारतीत
बिनखिडकीच्या खोलीत बसून
प्राध्यापकांच्या व्याख्यानांतून
खाकरणं, पाण्याचा घोट, ओठ सुटल्याचा आवाज,
वाक्याआधी आत ओढलेला तो जरासा वारा
शोधायचा आणि पुसायचा.
पडद्यावर श्वास दिसतो, माहितीये?
दोन शब्दांच्या डोंगरांमध्ये पीचवर असते तशी लव.

मॉरीन ॲस्पिनॉल खडक शिकवायची.
तिला दमा. 'गाळाचा खडक' म्हणतानाही
मध्ये एकदा थांबायची.
मी ते थांबणं काढून टाकायचे.
एकदा माझ्यामागे उभी राहून बघत होती.
"मग मी जिवंत आहे हे पोरांना कळणार कसं?"
म्हणाली, हसली, खोकली.
माईक चालूच राहिला होता. तेही पुसलं.

मग फेब्रुवारीत पाट्या बदलल्या.
शिक्षकाचा झाला विषयतज्ज्ञ,
विषयतज्ज्ञाचा तपासनीस,
तपासनिसाचं कंत्राट,
आणि कंत्राटाचं एक फार सभ्य पत्र.
ओवेन पूर्वी प्रश्न काढायचा;
आता यंत्राने काढलेल्या चाळिसातले सदतीस खोडतो,
त्याला क्युरेटर म्हणतात.
त्याच्या आईला वाटतं, पोरगा म्युझियमात लागला.
माझं नवं पद ओळखपत्रावर मावेना,
शेवटचा शब्द मागच्या बाजूला छापलाय.

व्याख्यान आता कुणीच देत नाही.
मॉरीनचा आवाज आहे,
एका तासाचा नमुना, ठरलेली रक्कम, खाली सही.
मॉरीन स्वतः व्हिटबीला गेली, समुद्राची हवा मानवते म्हणून.
इथे तिचा आवाज न थांबता बोलतो:
हिमयुग, ज्वालामुखी, पंचवीस कोटी वर्षं
एका दमात.
आणि सातव्या मिनिटाला लोक उठून जातात.
ग्रिम्सबीच्या कुठल्याशा गोदामावर
रात्रपाळी करणाऱ्या टेरेन्सने लिहिलं,
"ऐकताना मलाच गुदमरतं."

म्हणून आता मी श्वास घालते.
कुठे घालायचा, यंत्राला कळत नाही;
ते स्वल्पविराम बघून धापा टाकतं.
मला कळतं, ते कऱ्हाडच्या पेंढारकर बाईंमुळे.
शार्दूलविक्रीडित म्हणवून घेताना
बाराव्या अक्षरावर त्यांचं बोट वर जायचं:
थांब गं, नाहीतर श्लोक मरतो.
बोट अजून वर जातं. मी तिथे क्लिक करते.

श्वास मॉरीनचेच.
सहा वर्षांचा कचरा मी कधी रिकामा केला नव्हता,
प्रेमाने वगैरे नाही, आळसाने.
चार हजारांवर निघाले.
हा लांब, हिमनदीच्या आधी बरा.
हा जिना चढून आल्यावरचा, नको.
हा एका मे महिन्यातला,
नवरा गेल्यावर ती कामावर आली त्या सोमवारचा.
तो मला कुठेच घालवत नाही.
करार दोनदा वाचला.
त्यात आवाज आहे, आवाजाचे चढउतार आहेत.
श्वासांबद्दल एक ओळ नाही.

परवा, वाळूच्या खडकांच्या धड्यात,
चौदाव्या मिनिटाला
तो हसून खोकलेला खोकला ठेवून दिला.
कुणी विचारलं नाही. का ठेवला, मलाही सांगता येणार नाही.
आज टेरेन्सचं उत्तर आलंय.
धडा संपेपर्यंत ऐकला म्हणतो,
आणि खाली:
"बाईंना सर्दी झालीय वाटतं.
काळजी घ्यायला सांगा."

ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं.
निरोप पोचवणं
पुढच्या बाजूला बसत नाही, मागच्याही नाही.
व्हिटबीचा नंबर आहे माझ्याकडे.
उद्या, जेवणाच्या सुट्टीत.