पाणी कुठे मुरतं

शेतेची डेलिका गॅरेजच्या चढावर
लंगड्या खेचरासारखी आली.
फाटकापासूनच ऐकू येत होतं,
चारातला एक ठोका गायब.

आत पिवळं इंजिन लुकलुकत होतं,
शेजारी एबीएस,
त्याच्या शेजारी घसरणाऱ्या गाडीचं ते चित्र.
"धुतली फक्त," शेते म्हणाला, "अंगणात, पाइपने,"
आणि कुत्र्याकडे बघत राहिला.

नुसता पेटलेला दिवा म्हणतो, सवडीने बघ.
लुकलुकणारा म्हणतो, थांब, इथेच थांब,
न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरचं पोट जाळतंय.
हा अख्खी आबानो खिंड तसाच उतरला होता.

एअर फिल्टर उघडला. ओला.
घडीत रेती, आणि रेतीचंच घर अंगावर घेतलेली
एक अळी, नदीतल्या दगडाखाली राहते ती.
"तुझ्या अंगणात असते ही?"
मग बोलला. दार्तलोच्या अलीकडे, दिवेलागणीला,
बर्फ वितळून अलाझानी चढलेली,
मागच्या सीटवर तीन जर्मन, त्यातला एक गात होता.
मधोमध पाणी बॉनेटवर आलं
आणि गाणं थांबलं.

दांडी पुसून तेल पाहिलं.
तेल तेलासारखं. ताक झालेलं नाही.
तेवढं एक बरं.

स्कॅनर म्हणाला, पी शून्य तीनशे तीन.
तिसरा सिलिंडर. स्कॅनर पत्ता सांगतो,
कुणी काय केलं ते सांगत नाही.
तिसरी कॉइल उपसली तर खाली विहिरीत
चमचाभर पाणी, प्लगभोवती गंज,
आणि पिनांवर कळकलेल्या पितळेचा हिरवा.

पाणी पुसलं, हवा मारली, पिना घासल्या.
मग तिसऱ्यावरची कॉइल दुसऱ्यावर,
दुसऱ्यावरची तिसऱ्यावर.
इतकंच करायचं असतं.
दोष कॉइलबरोबर निघून गेला, तर कॉइल नासली.
जागेवरच राहिला
तर कॉइलला बोल लावू नये.

हे मी इमेदाला शिकवलं होतं.
सतरा वर्षांचा, खालच्या आल्वानीचा,
आई मेंढीच्या लोकरीचे मोजे विकायची.
त्या शरदात तीन गाड्या परत आल्या,
कुठे क्लिप सैल, कुठे बोल्ट अर्धाच.
मी खापर फोडलं त्याच्यावर, गिऱ्हाइकांदेखत.
त्याने हात धुतले, साबण जागेवर ठेवला, गेला.
तेलावीत टायरच्या दुकानात असतो म्हणतात.
त्याच्या जागी जोकोलाचा पोरगा आला.
फेब्रुवारीत चौथी गाडी परत आली.

माझ्या उजव्या अंगठ्याला
दोन हिवाळ्यांपासून काही कळत नाही.
पाना घट्ट झाला की नाही, ते मी
आवाजावरून ठरवतो. कुणाला सांगितलेलं नाही.
कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणत होतो मी
सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं.

"मार चावी," म्हटलं शेतेला.
धडधड, खोकला, पुन्हा तोच लुकलुकता दिवा.
पी शून्य तीनशे दोन.
दोष हलला.
"म्हणजे वाईट?" शेतेने विचारलं.
"म्हणजे कॉइल. जागा चांगली आहे."

डाव्या चाकाच्या सेन्सरमधला गाळ काढला.
अंगणात पुढे-मागे केल्यावर एबीएस विझला,
घसरणारी गाडीही विझली.
इंजिनाचं पिवळं तेवढं उरलं.
जोकोलाच्या पोराला म्हटलं, क्लिपा तू आवळ,
सगळ्या, आणि मी आवळलेल्यासुद्धा.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पान्याकडे.

कॉइल तेलावीतच मिळते.
"मी आणतो," शेते म्हणाला, "दुपारची बस आहे."
मी डांगरी उतरवून खिळ्याला लावली.
"तू बस. मी जाऊन येतो."
पार्टचं दुकान
टायरवाल्याच्या अगदी समोर आहे.