टॉर्च तिरका धरून

सगुण मळीक मॉनिटर घेऊन आले
तांदळाच्या गोणीत गुंडाळून, स्कूटरवर पायांच्या मध्ये उभा धरून,
डिचोलीचा बुधवारचा बाजार उठायच्या वेळेला.
"मेलो गो बाय हो," म्हणाले.
मी म्हटलं, आधी बघू तरी
कुठपर्यंत मेलाय.

वीज दिली. दोन सेकंद उजेड,
मग काळोख. कोपऱ्यातला हिरवा ठिपका मात्र जागा.
दुकानातला दिवा मालवला,
टॉर्च तिरका धरला, अगदी काचेला टेकवून.
या, काका. इथे वाका.
विहिरीच्या तळाशी घागर दिसावी तशी
आत एक चौकट हलत होती:
सिग्नल नाही.
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
कुणी बघो न बघो.

चित्र शाबूत आहे. मागचा उजेड गेलाय.
हे वाक्य मी दिवसातून तीनदा म्हणते
आणि लोक दर वेळी
माझ्याकडे बघतात, मॉनिटरकडे नाही.

खाणीच्या काट्यावर होता हा.
ट्रक चढायचा, आकडा उमटायचा,
काका खिडकीतून ओरडायचे, पुढे!
खाण थांबली तेव्हा दोन पगारांच्या बदल्यात
एकेकाला एकेक वस्तू मिळाली.
कुणाला पंखा, कुणाला फायलींचं कपाट.
"कपाट मागायला हवं होतं."

मागचं कव्हर काढलं तर आत सगळं
लाल.
बोर्डावर, स्पीकरच्या जाळीत, स्क्रूंच्या खाचांत
खनिजाची पूड, कुंकवाहून बारीक.
ब्रशने झाडून बाटलीच्या बुचात जमवली.
काकांनी बूच तळहातावर घेतलं, जरा वरखाली केलं.
"अकरा ग्रॅम."
माझ्याकडे छोटा काटा आहे, ठेवून बघितलं.
साडेअकरा.
"तुझा काटा तपासून घे," म्हणाले.

पॅनेल उघडायचं तर पंखा बंद, दार बंद,
केस बांधलेले, श्वास बाजूला सोडायचा.
काच दोन्ही हातांनी उचलायची, रिबनला ताण न देता;
ती फाटली तर मग खरंच मेला.
खाली दुधी पापुद्रे, एकावर एक,
आणि कडेला, कुणाच्या नजरेत न येणारी,
करंगळीच्या नखाहून अरुंद पट्टी.
अठ्ठेचाळीस दिवे. बारा-बारांच्या चार माळा.
एक दिवा गेला की त्याची माळ जाते,
आणि एक माळ गेली की वरचा आयसी घाबरून
उरलेल्या तिन्हींचा गळा दाबतो.

"म्हणजे बाकीचे बरे?"
सत्तेचाळीस, मी म्हटलं.
काका गप्प झाले.
मला वाटलं, आता खाणीचं काढणार:
एक बंद पडली आणि ट्रक, गॅरेजं, नाक्यावरचा भाजीपाव...
पण त्यांनी विचारलं,
"किती घेशील?"

सुया टेकवत गेले. पेटला. पेटला. पेटला.
दुसऱ्या माळेतला सातवा, काही नाही.
पिवळ्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग.
साखळीच्या शाळेतून आलेल्या फुटक्या मॉनिटरचा
एक दिवा काढला, इथे बसवला.
तो जरासा निळसर आहे. चालू केल्यावर
खालच्या कडेला, डावीकडे, मला दिसतो.
आजवर दुसऱ्या कुणाला असा दिवा दिसलेला नाही.
काकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.
"हा परका."

पांढऱ्या लख्ख उजेडात आता चौकट फिरत होती,
सिग्नल नाही, सिग्नल नाही,
आणि ते स्टुलावर बसून बघत राहिले,
चहा निवला तरी.
घरी कॉम्प्युटर आहे ना?
"ना."
मग?
"असू दे. आकडा आला असता तर दिसला असता."

सातशे म्हटले होते, साडेसहाशे दिले.
त्या लाल पुडीचं बूच मी टाकून देणार होते,
पण ते त्यांनी आधीच शर्टाच्या खिशात ठेवलं होतं,
उताणं, उघडं,
पांढराशुभ्र शर्ट,
आणि वाकून स्कूटरला किक मारली.