सेंटर पंच

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत,
आप्पांच्या पॅटर्नशॉपच्या भिंतीवर
मी कागदी कॉकपिट चिकटवलं होतं त्या वर्षी.
खाली सागाचा भुसा, वर छापील बटणं.
मी बोट ठेवायचे,
आणि पुढं काय होईल ते तोंडानंच म्हणायचे.

‘फिक्सचं पान उघडलं. बिंदूचं नाव टाकलं.
त्याच्याभोवती दहा मैलांचं वर्तुळ,
तुटक रेघेचं, हिरवं.
मग एक रेषा, तीनशे अंशांवर.’

रंधा थांबला.
‘मग इमान त्या बिंदूकडं वळतंय?’
‘नाही आप्पा, मार्ग वेगळा असतो.
हा मार्गात नसतोच. नुसता दिसतो.’
‘वळत न्हाई, थांबत न्हाई.
मग लिवायचं कशाला?’

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं:
डोंगर किती लांब, खाली यायला कधी लागायचं,
इंजिन गेलं तर जवळ काय,
एका नजरेत कळावं म्हणून.
ते मी घडाघडा म्हटलं.
त्यांनी रंध्याचं पातं काढलं, पुसलं,
परत बसवलं.

दुसऱ्या दिवशी पंपाच्या इंपेलरचं काम होतं.
फळीवर त्यांनी सेंटर पंच धरला,
हातोडीचा एकच ठोका. मोहरीएवढा खड्डा.
त्यात कर्कटकाचं टोक,
आणि सगळी वर्तुळं तिथून बाहेर आली,
भोकाचं, पात्यांचं, कडेचं.
‘ही खूण कास्टिंगात येत न्हाई.
जितं खूण हुती तितं भोक पडतंय, शाफ्ट जातोय.
पर सरकली, तर पंप जन्मभर थरथरतोय.’

पट्टीसुद्धा त्यांची खोटी.
फुटामागं एक सूत जादा,
कारण ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं.
लहानपणी त्या पट्टीनं मी वहीत समास आखले,
आणि बाईंनी मला उभं केलं होतं.

आज हैदराबादहून संध्याकाळचं विमान.
उजवी सीट माझी.
वारा पूर्वेचा, म्हणून वळसा घालून पश्चिमेकडून उतरायचं.
पहिल्या फिक्सवर विमानतळ: दहा मैल, पाच मैल,
कामाची वर्तुळं.
दुसरी जागा रिकामी होती.
उजळाईवाडीच्या धावपट्टीपासून
तीनशे अंश, साडेतीन मैल.
त्या जागेला आमच्या नकाशात नाव नाही.

कॅप्टन चेट्टियारांनी पडद्याकडं पाहिलं.
‘हे काय?’
‘संदर्भ, सर.’
ते दोन सेकंद थांबले.
मग म्हणाले, ‘चेकलिस्ट.’

चाकं खाली. कुणीतरी पाला पेटवलेला,
धूर उसावर आडवा पसरलेला.
बिंदू डावीकडं सरकत सरकत काटकोनात आला:
अडीच मैल.
या मार्गानं याहून जवळ जाता येत नाही.
डावी खिडकी कॅप्टनची.
माझ्या बाजूनं त्यांचा कान दिसतो,
कानामागं थोडे दिवे.
मान वळवायची नसते तेव्हा.
वेग बोलायचा असतो, उंची बोलायची असते.
मी आकडे बोलत राहिले.

इंजिनं थंडावल्यावर ते पान पुसलं.
परतीला पंचवीस मिनिटं होती. फोन लावला.

‘गेलीस की आत्ता. आवाज आला.
खडूनं भित्तीवर लिवलंय.’
‘काय लिहिलंय?’
‘टायम. आनि अडीच मैल म्हनाली हुतीस न्हवं,
त्यात एक सूत जादा धरलंय.’