हंसपद

भाटल्यात दुसरा मजला, सतरा हजार.
वाळपईला तळमजला, सहा.
वीजबिलाच्या पाठीवर मी वजाबाकी मांडली,
अकरा उरले.
खाली लिहिलं : बसचा पास.
त्याखाली : माझी झोप,
आणि रकमेची जागा मोकळी सोडली.

रोहिदासने कागद उचलला,
कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
वाटलं, आता बोलेल काहीतरी.
त्याने पेन्सिलीने एकच खूण केली.
मी लिहिलं होतं, 'तात्पूरतं'.
"पु ह्रस्व," म्हणाला.

चौदा महिने, रोहिदास.
चौदा महिने कुठल्या अंगाने ह्रस्व?

बावीस वर्षं रात्रीच्या पाळीत
तो दुसऱ्यांच्या चुका वाचत बसला.
मंत्र्यांचे वाढदिवस, जत्रांच्या तारखा,
मेलेल्या माणसांची वयं.
निधनवार्तेत चूक गेली तर
ज्याची माफी मागायची तो नसतो, म्हणायचा.
राहिलेल्या शब्दासाठी हंसपद काढायचा
ओळीच्या पोटात, इतकं नाजूक
की खिळे जुळवणारा जुना माणूस ते कापून ठेवायचा म्हणे.
मग एक यंत्र आणलं त्यांनी.
ते पहाटेपर्यंत जागतं, चहा मागत नाही.

तेव्हापासून तो घरातलं वाचतो.
फरसाणाची पाकिटं, जिन्यातली पाणी बंदची सूचना,
वर्गणीची पावती.
सगळ्यांवरून त्याची पेन्सिल फिरून गेलेली असते.
मुलाखतीला बोलावतात ते आधी वय विचारतात
आणि वयात चूक नसते.

रविवारी गेलो बघायला.
बाणस्तारीचा पूल, माशेल, साखळी, होंडा.
मी मिनिटं मोजत होते, तो पाट्या.
माझ्या लॅबमध्ये साडेसातला माणसं
उपाशीपोटी येऊन बसतात, बाही वर करून.
त्यांना काय सांगू, बस होंड्यात अडकली?
म्हणजे पाच चाळीसची गाडी. म्हणजे चारला उठणं.
चार वाजता तो घरी यायचा,
चपला हातात घेऊन, मी जागी होऊ नये म्हणून.

खोली चांगली निघाली, हेच वाईट झालं.
भिकार असती तर परतताना हसलो असतो.
मागे विहीर, रहाट अजून फिरणारा,
खिडकीबाहेर कुळागर,
दाराच्या चौकटीवर कुणाच्या तरी उंचीच्या रेघा,
छातीपर्यंत येऊन थांबलेल्या.
फाटकावर खडूने : खोली भाड्याने देने आहे.
त्याचा हात खिशाकडे गेला.
मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

सत्यवती गावसबाईंनी कोकमाचं सरबत दिलं.
विचारलं मला, त्याच्यादेखत,
"घोव कितें करता?"
"वर्तमानपत्रात आहेत," मी म्हटलं.

आहेत.

काळाची एवढी ढळढळीत चूक,
तिऱ्हाईत बाईच्या ओसरीवर,
आणि त्याने ती जाऊ दिली.
पेला उपडा ठेवला. सरबत छान आहे, म्हणाला.

विसार पाचशे मागितला बाईंनी.
शनिवारपर्यंत कळवतो म्हटलं
आणि फाटक लोटून आलो.
मी वळून पाहिलं नाही,
'ने'चा 'णे' झाला की नाही ते.

परतीच्या गाडीत साखळीपर्यंत गप्प.
मग खिडकीकडे बघतच म्हणाला,
"चारला उठवीन मी तुला.
तोपर्यंत जागा असतोच."
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
माशेलला एक बाई टोपली घेऊन चढली,
तिला जागा देताना त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला
आणि पणजीपर्यंत तसाच राहिला.

आज मंगळवार.
वीजबिल फ्रिजवर लावलंय.
'माझी झोप'पुढच्या मोकळ्या जागेत
सकाळी एक हंसपद दिसलं, पेन्सिलीचं, नाजूक.
वर अजून काही लिहिलेलं नाही.